काकांचं डोकं आणि चाचांचा डावा पाय

काकांच्या घरात देवाला नावं ठेवलेली चालायची, सरकारला ठेवलेली चालायची, माझ्या वडिलांना तर रोजच ठेवली जायची. फुटबॉलला मात्र कुणी काही बोललेलं चालायचं नाही. बारावीनंतर मी रोह्याला कॉलेजला आले आणि जवळच वरसेला दत्ताकाका आणि काकी यांच्याकडे राहिले, तेव्हा ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ती हळूहळू कळली. आमचं गाव पेणच्या पलीकडे, डोलवीच्या बाजूला. वडील तिथे ठेकेदाराकडे कामाला, आज ही शिफ्ट तर उद्या ती. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे जो माणूस ठाम आवाजात बोलेल त्याला सगळं माहीत असतं अशी माझी समजूत होती. ही समजूत ज्या दिवसांत मोडली ते दिवस मला लिहून ठेवायचे आहेत. आठवणी लिहायला वय लागतं म्हणतात. माझं तेवढं झालेलं नाही. पण ज्यांचं झालं आहे त्यांना हे आठवणार नाही, म्हणून मीच लिहिते.

वरसेचं घर कंपनीच्या पैशांतून बांधलेलं होतं. पुढे पडवी, मागे वाल पेरायचा एक तुकडा, आणि त्यापलीकडे प्लॉट पाडलेली मोकळी जागा. सकाळी धाटावच्या कंपन्यांचा भोंगा व्हायचा, त्याच्या पाठोपाठ काकीच्या भाकऱ्या थापायचा आवाज. भाकरी तांदळाचीच; गव्हाची चपाती काकीच्या मते आजाऱ्याने खायची गोष्ट. दुपारी ती पडवीत बसून मोड आलेले वाल सोलायची आणि सोलता सोलता रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायची. हा व्याजाने गाडी घेऊन फिरतो, ती सासूला चहा विचारत नाय. तिच्या तोंडातून सुटलेला माणूस मी पाहिला नाही. फक्त नवऱ्याच्या खेळाबद्दल ती एकच वाक्य बोलायची, तेही कौतुकाने: "लोकं डोकं चालवून नोकरी मिळवतात, आमच्या ह्यांनी डोकं आपटून मिळवली."

आणि ते खरं होतं. कबड्डीच्या या मुलखात फुटबॉल आला तो कंपनीमुळे. काकांच्या तरुणपणी धाटावच्या एका कंपनीत लांबून आलेला कुणी मॅनेजर होता, त्याला फुटबॉलचं वेड. त्याने जाहीर केलं की जो टीममध्ये टिकेल त्याला तो परमनंट करील. भातशेतीतली पोरं रातोरात फुटबॉलपटू झाली. काका उंच होते, मान जाड होती, पण पायात काही जादू नव्हती. डोक्यात होती. बॉल हवेतून आला की ते इतरांच्या वर निघायचे आणि कपाळाने असा हाणायचे की गोलकीपर बाजूला व्हायचा. त्यांना नाव पडलं दत्ता हातोडा. सरावासाठी त्यांनी आंब्याच्या फांदीला जाळीत घालून बॉल टांगला होता. शिफ्टला जायच्या आधी आणि शिफ्टवरून आल्यावर ते त्याला डोक्याने मारत राहायचे. त्या वेळचे बॉल चामड्याचे. पावसाळ्यात मॅच झाली की बॉल पाणी पिऊन जड व्हायचा आणि गावातल्या क्रीडा मंडळाला कपाट नसल्यामुळे तो काकांच्या घरी यायचा. काकी तो चुलीवर, सुकवायला टांगलेल्या बोंबलांच्या शेजारी टांगायची. ती सांगायची, ओला बॉल दोन हातांनी उचलावा लागायचा. मी एकदा विचारलं, मग तो डोक्यावर लागल्यावर काकांना दुखायचं नाही का? तर म्हणाली, मॅचनंतर दोन दिवस उजेडाकडे बघत नसत. घोंगडी तोंडावर घेऊन पडायचे. मी ताक द्यायची. हे ती मोठ्या अभिमानाने सांगायची.

हवेतून येणारे ते बॉल पाठवायचे इस्माईलचाचा. ते नदीपलीकडच्या गावचे, काकांच्या वयाचे, बारीक चणीचे. त्यांचा डावा पाय असा होता की कॉर्नरवरून मारलेला बॉल काकांच्या कपाळावर ठेवल्यासारखा यायचा. पेण ते रोहा दरम्यान अशी जोडी झाली नाही, असं जुने लोक अजून म्हणतात. नंतर टीम मोडली, मॅनेजर गेला, चाचा कुवेतला गेले, काका कंपनीत ऑपरेटर म्हणून राहिले आणि रिटायर झाले. मी राहायला गेले तेव्हा काकांच्या विसरण्याला सुरुवात होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असावं.

आधी ते चष्मा विसरायचे, मग चहा प्यायल्याचं विसरायचे, मग मला. रोज संध्याकाळी मी कॉलेजातून आले की ते पडवीतून विचारायचे, "कुणाची गो तू?" मी वडिलांचं नाव सांगायची. ते म्हणायचे, "अरे, मग आत ये ना." एका पहाटे ते कंपनीचे जुने बूट घालून गेटवर जाऊन उभे राहिले, वॉचमन ओळखीचा होता म्हणून रिक्षाने परत पाठवलं. काकीने कुणाला सांगितलं नाही, पण वॉचमनने सांगितलं आणि मग सल्लागारांची रांग लागली. एवढे हुशार लोक आपल्या ओळखीत आहेत हे त्याआधी आम्हाला ठाऊकच नव्हतं. कुणी बदाम सांगितले, कुणी टाळूला तेल, कुणी कुलदैवताचं राहिलेलं काही. काकीचा भाऊ म्हणाला, रिटायर माणूस नाटकं करतो, घरातली कामं टाळायला. गावातल्या डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे पाहिले आणि वय झालं म्हणाले. वय झालं, हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की जणू आम्हाला ते मोजता येत नव्हतं.

मग चाचा कुवेतहून कायमचे परत आले. भेटायला आले तेव्हा काका त्यांच्याकडे, एखादा वसुलीवाला दारात यावा तसं बघत राहिले. चाचा पांढरे झाले होते, दाढी वाढली होती. त्यांनी खूप आठवणी काढून पाहिल्या. काका मान हलवायचे, पण ती मान कुणाही पाहुण्यापुढे हलते तशी. शेवटी उठताना चाचांना समोर पडवीच्या कोपऱ्यात शेजारच्या पोरांचा प्लास्टिकचा बॉल दिसला. त्यांनी तो अंगणात घेतला आणि सहज, डाव्या पायाने उचलून काकांकडे टाकला. काका खुर्चीतून उठले. मी ते पाहिलं आहे म्हणून लिहिते, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. मान ताठ झाली, गुडघे वाकले, आणि त्यांनी कपाळाने तो बॉल सरळ परत मारला. मग म्हणाले, "आखूड टाकलास, इस्माईल्या."

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून कुणाचं नाव निघालं नव्हतं. चाचा अंगणातच खाली बसले. काकी पदर तोंडाला लावून आत गेली. त्यानंतर तासभर काका आमच्यात होते. चहात साखर कमी आहे म्हणाले, मला वडिलांची शिफ्ट कुठली ते विचारलं, अंधार पडल्यावर मात्र पुन्हा कुठेतरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. हो, उपचारच म्हणायचे सगळे. संध्याकाळी चाचा खरा बॉल घेऊन यायचे, मागच्या मोकळ्या जागेत काका उभे राहायचे आणि दिवे लागेपर्यंत त्यांच्या डोक्यावर बॉल टाकला जायचा. हळूहळू मंडळाची पोरं जमायला लागली. मंडळाचे अध्यक्ष नरेशशेठ, ज्यांनी आयुष्यात भातखाचरांवर मातीचा भराव टाकून प्लॉट विकण्यापलीकडे कुठला व्यायाम केला नव्हता, ते गाडी उभी करून बघायला थांबायचे आणि म्हणायचे, बघा, खेळाने माणूस कसा जागा राहतो. पोरं मोबाईलवर शूटिंग करायची. हातोडा अजून गंजला नाय, असं खाली लिहून टाकायची. दूरदूरच्या माणसांनी लाईकचे अंगठे दिले, हात जोडले, सलाम ठोकले. स्मरणशक्ती गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर रोज बॉल आपटायचा आणि त्याला औषध म्हणायचं, यात काही चुकतंय असं त्या शेकडो शहाण्यांतल्या एकालाही वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, हे खरं आहे. मी तर बॉल वालात गेला की आणून द्यायची.

काकांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं काकीने ठरवलं ते वेगळ्याच कारणाने. ते झोपेत पाय झाडायचे आणि एकदा तिला, परक्या गड्याने हाक मारावी तसं, "ओ बाई" म्हणाले. मी सोबत गेले, कारण फॉर्म वगैरे मला वाचता येतील असं सगळ्यांना वाटत होतं. तिथली डॉक्टर तरुण होती. तिने साखर विचारली, रक्तदाब विचारला, दारू विचारली, कंपनीत कुठल्या वाफा नाकात जायच्या ते विचारलं. मग काकांच्या कपाळावर भुवईच्या वर एक जाड वळ आहे त्यावर बोट ठेवलं आणि हे काय म्हणून विचारलं. जुन्या बॉलला तोंडाशी चामड्याची वादी आवळलेली असायची, त्याचा तो वळ. डॉक्टरने विचारलं, डोक्याने खूप मारायचे का? काकी म्हणाली, "खूप म्हणजे? पेणपासून रोह्यापर्यंत कुणालापण विचारा." डॉक्टर हसली नाही.

तिने जे सांगितलं ते मी नीट ऐकायचा प्रयत्न केला, कारण घरी जाऊन मलाच सांगावं लागणार होतं. ती म्हणाली की परदेशात जुन्या फुटबॉलपटूंमध्ये हा आजार इतरांपेक्षा जास्त दिसतो आहे. बॉल डोक्याने मारताना बसणाऱ्या लहान लहान धक्क्यांवर संशय आहे. पण अजून सगळं पक्कं ठरलेलं नाही. तुमच्या माणसाला कशामुळे झालं ते कुणीच सांगू शकणार नाही. वय असेल, रक्तदाब असेल, घराण्यात असेल, बॉल असेल, थोडं थोडं सगळं असेल. मग म्हणाली, पण आता इथून पुढे डोक्याला बॉल लागू देऊ नका. काकीने विचारलं, "बॉल बंद केला तर ह्ये परत येतील?" डॉक्टर म्हणाली, नाही. "आणि चालू ठेवला तर?" डॉक्टर म्हणाली, कदाचित लवकर जातील. कदाचित नाही. मला सांगता येत नाही. आमच्या ओळखीच्या सगळ्या माणसांत मला सांगता येत नाही असं म्हणणारी ती पहिलीच, आणि माझा विश्वास बसला तो तिच्यावर.

परत येताना एसटीत काकी मला म्हणाली की घरी कुणाला काही बोलायचं नाय. मी म्हटलं, पण संध्याकाळी चाचा बॉल घेऊन येतील. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तासभर तरी तो माझा नवरा असतो गो. बाकीचे तेवीस तास मी एका परक्या माणसाला आंघोळ घालते." जो एकच तास उरला होता तो ज्या गोष्टीने मिळत होता, त्याच गोष्टीने बाकीचं आयुष्य नेलं असण्याची शक्यता होती, आणि ती शक्यताच, खात्री नाही. खात्री असती तर सोपं होतं.

मी आधी मंडळात गेले. ती माझी चूक झाली. पण शिकलेल्या माणसाने आधी कार्यालयात जायचं असतं अशी माझी कल्पना होती. नरेशशेठ खुर्चीत होते, आजूबाजूला मंडळाच्या फुटबॉल स्पर्धेच्या तयारीला आलेली माणसं. मी अडखळत सांगितलं. शेठ शांतपणे ऐकून म्हणाले, "गो पोरी, डोक्यावर पडून माणूस बिघडतो तर नारळाच्या झाडाखाली राहणारं अर्धं कोकण वेडं व्हायला पायजे." सगळे हसले. एकाने विचारलं, बॉलला कधी पाय लावलायस काय? दुसरा म्हणाला, ही मोबाईलवर वाचून आलीय, मोबाईलवरचं खरं नसतं. हाच माणूस महिन्यापूर्वी मोबाईलवर आलेलं वाचून पायाच्या तळव्याला कांदा बांधून झोपत होता, साखर उतरावी म्हणून. मी त्याला तसं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं, येते मी." मी निघताना शेठनी आठवण करून दिली की स्पर्धेचं उद्घाटन काकांच्या हेडरने आहे. आमच्या मंडळाची ही जुनी पद्धत, उद्घाटनाला नारळ फोडत नाहीत. कॉर्नरवरून बॉल येतो आणि जुना खेळाडू तो डोक्याने गोलमध्ये घालतो. मग टाळ्या, मग मॅच.

मग मी चाचांच्या घरी गेले. आधी तिथेच जायला हवं होतं, पण तिथे जायची मला भीती वाटत होती. त्यांच्या घरात आखाती पैशांची गुळगुळीत फरशी, प्लास्टिक न काढलेला सोफा. चाचीने सांदण आणि चहा दिला आणि कॉलेजचं विचारलं. मी एवढा वेळ गोलगोल बोलत राहिले की चाचा म्हणाले, बेटा, पैसे हवे आहेत का? तेव्हा मी सांगितलं. डॉक्टरने जसं सांगितलं होतं तसं, कदाचित आणि अजून पक्कं नाही हे शब्द न गाळता.

चाचा हसले नाहीत. मग म्हणाले, "त्याला सगळे बॉल मी दिले, माहीत हाय ना तुला? एकपण दुसऱ्याचा नाय."

मी म्हटलं, तसं नाही चाचा, डॉक्टर म्हणाली की नक्की नाही.

"नक्की नाय ना? मग इतक्या लांब कशाला आलीस?"

"नक्की नाही म्हणूनच आले. नक्की असतं तर काकीनेच बंद करायला लावलं असतं."

त्यावर ते चिडले. पहिल्यांदाच मी त्यांना चिडलेलं पाहिलं. म्हणाले, कॉलेजात हेच शिकवतात काय, म्हाताऱ्यांचं होतं नव्हतं काढून घ्यायला? बॉल नसला तर दत्ताला मी कोण? दारात आलेला एक दाढीवाला. आयुष्यभर आम्ही दोघांनी जे एक चांगलं काम केलं ते तू येऊन खून ठरवतेस. चाची मधे पडली, पोरगी लहान हाय म्हणाली. मी उठले. चाचा दारापर्यंत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते बॉल घेऊन आलेच नाहीत, त्यानंतरही नाहीत. संध्याकाळ झाली की काका मागच्या मोकळ्या जागेत जाऊन उभे राहायचे. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, फक्त उभे राहायचे, मान वर करून, पाऊस येतोय का बघावं तसे. काकी त्यांना हाताला धरून आत आणायची आणि माझ्याशी बोलायची नाही. ती कुणावरही तोंड सोडू शकणारी बाई माझ्यावर गप्प राहून सूड घेत होती. जेवायला वाढायची, पण ताटात भाकरी टाकून निघून जायची. मला वाटायचं, निघावं आणि आपल्या गावी घरी जावं. मी कुणाचं काय वाचवलं होतं? एका माणसाचा संध्याकाळचा तास मात्र मी काढून घेतला होता, तोही एका कदाचितच्या जोरावर.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नरेशशेठ शाल आणि नारळ घेऊन आमंत्रण द्यायला आले. काकीने त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की ह्ये येणार नाहीत, डोक्याला बॉल लावायचा नाय असं डॉक्टर म्हणालेत. मी आत भांडी घासत होते. तिने तोवर मला काहीच कळू दिलं नव्हतं. शेठ म्हणाले, "वहिनी, बॅनर छापून झालंय." त्यांच्या दृष्टीने तिथे विषय संपला. आमच्याकडे माणूस खोटा पडला तरी चालतो, बॅनर खोटं पडलेलं चालत नाही. काकी म्हणाली, बॅनरचंच डोकं पुढे करा मग. शेठ हसत हसत गेले. बायकांचं बोलणं त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी लाऊडस्पीकर सुरू झाला. मैदान घरापासून हाकेवर. निवेदक दर थोड्या वेळाने ओरडत होता, आपल्या सर्वांचा लाडका दत्ता हातोडा. काका ते ऐकून उठले. आपलं नाव त्यांना कळलं की नुसता आवाज ओळखीचा वाटला, देव जाणे. त्यांनी बूट घातले, कंपनीचे, आणि निघाले. काकीने दंड धरला तर त्यांनी झटकला. अजूनही त्या शरीरात ताकद होती. आम्ही दोघी मागून पळत गेलो. मैदानावर पोचेपर्यंत पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं. गोलपोस्टसमोर नेऊन उभं केलं. काका हसत होते. त्या हसण्यातून त्यांना ओढून आणायला आमचं मन होईना, आणि तेवढ्यात पाहिलं तर कॉर्नरवर इस्माईलचाचा बॉल ठेवत होते.

काकीने माझं मनगट धरलं. "हा कशाला आलाय गो," एवढंच म्हणाली. मला वाटलं, चाचांनी माझ्या बोलण्याला हे उत्तर दिलं आहे. सगळ्या गावादेखत ते तो बॉल पूर्वीसारखा काकांच्या कपाळावर ठेवणार आणि मग माझ्याकडे बघणार. निवेदक म्हणाला, पेण-रोह्याची ती अमर जोडी. टाळ्या पडल्या. काकांनी गुडघे वाकवले, मान मागे घेतली, डोळे आभाळाकडे. चाचांनी दोन पावलं मागे घेतली आणि डाव्या पायाने मारलं.

बॉल जमिनीवरून आला. घरंगळत, गवताला चाटत, अंगणातल्या पोराने मारावा तसा, आणि काकांच्या बुटाजवळून पुढे निघून गेला. काका अजून वरच बघत होते. मैदानावर हशा पिकला. निवेदकाला फार विनोद सुचले. चाचांचा पाय कुवेतलाच राहिला वगैरे. शेठनी हाताने खूण केली, परत. चाचांनी पुन्हा मारला, पुन्हा जमिनीवरून. तिसऱ्यांदाही तसाच. आता शिट्ट्या सुरू झाल्या. ज्यांनी चाचांना तरुणपणी खेळताना पाहिलं होतं ते शरमून दुसरीकडे बघायला लागले. तो पाय बॉल कुठेही ठेवू शकत होता, आणि ज्याला समजायचं त्याला तिसऱ्या वेळी समजायला हवं होतं. पण समजून घेणं हा आमच्या क्रीडारसिकांचा खेळ नव्हे.

काका तडक कॉर्नरपर्यंत चालत गेले. चाचांच्या समोर उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "इस्माईल्या, पायात शेण भरलंय काय तुझ्या? वर उचल ना बॉल."

चाचा म्हणाले, "व्हय रे दत्ता. नाय उचलत आता."

शेवटी शेठनी नारळ मागवून फोडला. नारळाचं डोकं फुटल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. त्या प्रसंगाचं शूटिंग काकांच्या सगळ्या हेडरपेक्षा जास्त लोकांनी पाहिलं. म्हाताऱ्या फुटबॉलपटूची फजिती, असं त्यावर लिहिलं होतं. चाचांच्या नातवाने त्यांना ते दाखवलं तर ते म्हणाले, बरा दिसतोय की मी.

त्यानंतर चाचा पुन्हा रोज संध्याकाळी यायला लागले. मोकळ्या जागेत बॉल ठेवायचे आणि जमिनीवरून मारायचे. काका तो नाइलाजाने पायाने अडवायचे, पायाला काही घाण लागावी तसं तोंड करायचे, आणि शिव्या द्यायचे. रोज नव्याने, कारण कालची शिवी त्यांना आठवत नसे. पाय गेला तुझा, कुवेतला जाऊन उंट वळलेस काय, तुला टीममध्ये घेतलं कुणी. चाचा रोज ऐकून घ्यायचे. मला खोटं लिहायचं नाही: हे पूर्वीसारखं नव्हतं. हेडरनंतर काका हसायचे, आता फक्त चिडायचे. तासही पुरा नसायचा. पण चिडलेल्या माणसाला समोर कोण आहे ते माहीत असतं. काकी माझ्याशी बोलायला लागली. काय ठरलं, कसं ठरलं, यावर आम्ही तिघं कधी बोललो नाही.

मंडळ आता लहान मुलांचं शिबिर घेतं. आठ-नऊ वर्षांची पोरं रांगेत उभी करून त्यांच्या डोक्यावर बॉल टाकतात, मान बळकट होते म्हणून. मी एकदा जाऊन बोलले. नारळाच्या झाडाचं ते उदाहरण अजून जिवंत आहे, एवढं कळलं. दोन आयांनी मात्र आपली पोरं काढून घेतली. त्यांना मंडळात भित्र्या म्हणतात.

मी शेवटच्या वर्षाला असताना, थंडीत, मागच्या तुकड्यात वाल फुलावर आला होता. चाचांनी नेहमीसारखा बॉल मारला. तो काकांच्या पायाशी आला, त्यांच्या बुटाला लागला आणि बाजूला होऊन वालात शिरला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, जसं रस्त्याने जाणाऱ्या गाडीकडे पाहतात. मग चाचांकडे पाहिलं, तसंच. चाचा जागेवर उभे राहिले. ते शिवीची वाट बघत होते. बॉल आणायला मी पुढे झाले आणि थांबले, कारण कुणीच हलत नव्हतं. ऊन कमी होत गेलं. काका वळले आणि घराच्या भिंतीकडे बघायला लागले.

काकी मागच्या दाराच्या पायरीवर तांदूळ पाखडत बसली होती. लग्न होऊन आल्यापासून तिने चाचांना भावजीशिवाय हाक मारली नव्हती. ते आले की डोक्यावरचा पदर पुढे घ्यायची. तिने सूप खाली ठेवलं, उभी राहिली आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "इस्माईल्या, पायात शेण भरलंय काय रे तुझ्या? वर उचल ना बॉल."

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. मान हलवली. "व्हय," म्हणाले, आणि बॉल शोधायला वालात शिरले.